एक चाप, एक गोळी

दोन बंदुका टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एकीला गुळगुळीत लाकडी दस्ता आहे, आजोबांच्या काळातल्या शिकारीच्या फोटोत शोभावी अशी ती दिसते. दुसरी नखशिखान्त काळी, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमची, चापामागे पिस्तुलासारखी मूठ, सैनिकाच्या खांद्यावरून उतरवून ठेवल्यासारखी. पहिली रुगर कंपनीची मिनी-१४, दुसरी एआर-१५. दोघींमध्ये एकच काडतूस चालतं. दोघींना वीस-तीस गोळ्यांचं मॅगझीन लागतं. दोघींचा चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येऊन बसते. १९९४ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला, त्यात दुसरीच्या नव्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी आली. पहिलीचं नाव मात्र त्याच कायद्याला जोडलेल्या सूट दिलेल्या बंदुकांच्या यादीत छापलं गेलं.

त्याआधी पाच वर्षं, ६ डिसेंबर १९८९ रोजी, कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ स्त्रियांचा जीव गेला होता. मारेकऱ्याच्या हातात मिनी-१४ होती. पुढे जुलै २०११ मध्ये नॉर्वेच्या उटोया बेटावर, तरुणांच्या शिबिरात ६९ जणांचा बळी गेला. तिथेही मिनी-१४, सोबत एक पिस्तूल.

सामान्य नागरिकाने सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाळगावी का, या प्रश्नावर अमेरिकेत गेली साडेतीन दशकं भांडण चालू आहे. त्यातला बराचसा वेळ बंदूक दिसते कशी यावर गेला. ती चालते कशी, तिच्यात गोळ्या किती मावतात आणि ती कुणाच्या हाती किती सहज पडते, या तीन प्रश्नांना फारच थोडा वेळ मिळाला.

चालते कशी, हे एकदा नीट पाहायला हवं. जुन्या पद्धतीच्या बोल्ट-ॲक्शन रायफलीत गोळी झाडल्यावर हाताने खटका वर करून मागे ओढायचा, रिकामं कवच बाहेर पडतं, खटका पुढे ढकलला की नवं काडतूस आत जातं. सराव असलेला माणूसही प्रत्येक गोळीमागे एक-दोन सेकंद घालवतो आणि त्याचा नेम हलतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बंदूकच करते. काडतुसातली दारू पेटली की तयार होणारा वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी नळीच्या टोकाकडे पोचत असताना त्यातला थोडासा वायू एका बारीक छिद्रातून वळवला जातो आणि त्याच्या दाबाने आतला बोल्ट मागे सरकतो. कवच बाहेर फेकलं जातं, स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे लोटते, जाताजाता तो मॅगझीनमधलं वरचं काडतूस नळीत सारतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. नेमबाजाला करायचं उरतं ते एवढंच, की बोट सैल करून पुन्हा चाप ओढायचा.

मशीनगन यापेक्षा वेगळी. तिचा चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. १९२९ साली शिकागोतल्या टोळीयुद्धात व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी झालेलं हत्याकांड गाजलं, आणि १९३४ मध्ये अमेरिकेने मशीनगनवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर लादला. त्या काळी ही रक्कम बंदुकीच्या किमतीच्या घरात जायची. १९८६ साली नव्या मशीनगन नागरिकांना विकणंच बंद झालं. बंदुकांवर जीव टाकणाऱ्या या देशात मशीनगनवरच्या निर्बंधांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिलेली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्हणजे कुठेतरी रेघ ओढायला हवी, हे बहुतेकांना मान्य आहे. भांडण आहे ते रेघ कुठे ओढायची याचं.

एआर-१५ चा जनक यूजीन स्टोनर. कॅलिफोर्नियातल्या आर्मालाइट नावाच्या लहानशा कंपनीत १९५० च्या दशकात त्याने विमानांना वापरतात ते ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक घेऊन हलकी रायफल घडवली. 'एआर' ही अक्षरं त्या कंपनीच्या नावावरून आली. ती 'असॉल्ट रायफल'ची आद्याक्षरं आहेत असा समज सर्रास आढळतो, तो चूक आहे. १९५९ साली आर्मालाइटने हक्क कोल्ट कंपनीला विकले. त्याच आराखड्यातून सैन्याची एम-१६ निघाली आणि व्हिएतनामला गेली. कोल्टने १९६० च्या दशकातच फक्त सेमी-ऑटोमॅटिक चालणारी नागरी आवृत्ती शिकाऱ्यांसाठी बाजारात आणली, पण अनेक वर्षं तिला फारसं कुणी विचारलं नाही. शिकारीला जाणारा अमेरिकन लाकडी दस्त्याचीच बंदूक मागायचा. १९७७ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्यांना वाट मोकळी झाली. खरी लाट आली ती १९९४ ची बंदी २००४ मध्ये संपल्यावर. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या हाताला हीच ठेवण सवयीची होती, आणि बंदीची नुसती कुजबुज झाली तरी दुकानांपुढे रांगा लागत. उद्योगाच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे आज अशा रायफली दोन कोटींहून जास्त आहेत. बंदूक उद्योग त्यांना 'आधुनिक क्रीडा रायफल' म्हणतो, विरोधक 'असॉल्ट वेपन' म्हणतात. कोण कोणता शब्द वापरतो यावरून त्याची बाजू पहिल्या वाक्यातच कळते.

मालकांची बाजू ऐकल्याशिवाय हा विषय कळत नाही, आणि ती बाजू पोकळ नाही. टेक्सासमधल्या शेतकऱ्याला रानडुकरांचे कळप एका रात्रीत पीक उखडून जाताना दिसतात, तिथे एकेक गोळी भरत बसून भागत नाही. या रायफलीचा धक्का खांद्याला फार जाणवत नाही, वजन कमी, दस्त्याची लांबी उंचीप्रमाणे कमी-जास्त करता येते. त्यामुळे सडपातळ किंवा वयस्क माणसालाही ती पेलते. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्ज गावात चर्चवर हल्ला होऊन २६ जणांचा बळी गेला. हल्लेखोराकडे एआर धाटणीची रायफल होती, आणि शेजारच्या घरातून अनवाणी धावत आलेल्या ज्या माणसाने त्याच्यावर गोळ्या झाडून त्याला पळायला लावलं, त्याच्या हातातही एआर-१५ च होती.

आकडेही त्यांच्या बाजूने बोलतात. एफबीआयच्या २०१९ च्या नोंदीत १३,९२७ खून आहेत. त्यांपैकी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरने झालेले ६,३६८. सर्व प्रकारच्या रायफली मिळून ३६४. चाकू-सुरीने १,४७६, आणि नुसत्या हातापायांनी ६००. सुमारे ३,२८१ खुनांत बंदुकीचा प्रकारच नोंदलेला नाही, हे धरूनही रायफलीचा वाटा लहानच राहतो. शिवाय अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात: २०२१ मध्ये ४८,८३० पैकी २६,३२८. रोजच्या मृत्यूंचा प्रश्न मुख्यतः पिस्तुलाचा आहे, आणि रायफलीवरच्या बंदीने तो सुटणार नाही. हे मोकळेपणाने मान्य करायलाच हवं.

पण रोजचे मृत्यू हा एक प्रश्न आणि एका माणसाने काही मिनिटांत केलेला संहार हा दुसरा.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधल्या सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मेली. पाच मिनिटांहूनही कमी वेळात १५४ गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये एका हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून संगीताच्या कार्यक्रमावर सुमारे दहा मिनिटांत एक हजाराहून जास्त गोळ्या बरसल्या. त्या रात्री ५८ माणसं गेली. फ्लोरिडातलं पार्कलँड २०१८, टेक्सासमधलं युवाल्डे २०२२, शाळेतल्या या दोन्ही हत्याकांडांत एआर धाटणीचीच रायफल होती.

या रायफलीची गोळी वजनाने पिस्तुलाच्या नेहमीच्या गोळीच्या निम्म्याहून कमी भरते, साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पण ती सेकंदाला सुमारे साडेनऊशे मीटरहून अधिक वेगाने निघते, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीच्या अडीच पटीहून जास्त. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे हलकी असूनही ती तिपटीहून अधिक ऊर्जा वाहते आणि शरीरात शिरल्यावर आजूबाजूच्या ऊती फाडत जाते. युवाल्डेच्या बालरोगतज्ज्ञाने जून २०२२ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. दोन मुलांची ओळख अंगावरच्या रक्ताने माखलेल्या, कार्टूनच्या चित्रांच्या कपड्यांवरूनच पटत होती, असं त्याने सांगितलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हरणाच्या शिकारीला वापरतात त्या कित्येक जुन्या बोल्ट-ॲक्शन रायफलींची एकेक गोळी याहून कितीतरी जबर असते. काही राज्यांत तर एआर-१५ चं नेहमीचं काडतूस हरणासाठी दुबळं मानलं जातं. तेव्हा धोका एकट्या गोळीत नाही. वेगवान गोळी, खांद्याला न जाणवणारा धक्का, आपोआप होणारी भरणी आणि तीस गोळ्यांचं मॅगझीन, या चार गोष्टी एकत्र आल्या की एकटा, अर्धवट शिकलेला माणूस एका तुकडीचं काम करू शकतो.

१९९४ चा कायदा नेमका इथे चुकला. त्याने १९ बंदुकांवर नावानिशी बंदी घातली आणि बाकीच्यांसाठी लक्षणांची यादी केली: सुटं मॅगझीन लागणाऱ्या रायफलीला पिस्तुलासारखी मूठ, दुमडणारा दस्ता, संगीन लावायची खाच, नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारी टोपी यांपैकी दोन गोष्टी असतील तर ती बेकायदा. कारखानदारांनी खाच घासून काढली, टोपी काढली आणि तीच रायफल पुन्हा विकायला ठेवली. संगीन खुपसून कोणत्याही शाळेत कुणी हत्याकांड केलेलं नव्हतं. मिनी-१४ ला लाकडी दस्ता असल्याने ती सूट मिळालेल्या यादीत बसली. तीच बंदूक दुमडणाऱ्या दस्त्याची असेल तर यादीबाहेर. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद करणारं कलम मात्र कामाचं होतं, पण देशात आधीच पडून असलेल्या कोट्यवधी मॅगझिनांना त्याने हात लावला नाही. कायद्याला दहा वर्षांची मुदत होती. १३ सप्टेंबर २००४ रोजी ती संपली आणि काँग्रेसने ती वाढवली नाही. त्या वर्षी सरकारी पैशातून झालेल्या अभ्यासाला एकूण बंदूक-हिंसेवर बंदीचा ठाम परिणाम दाखवता आला नाही.

मॅगझीनचा मुद्दा बंदूकविरोधकांनी शोधून काढला असं कुणाला वाटेल. पण खुद्द रुगर कंपनीचा संस्थापक बिल रुगर याने १९८९ मध्ये काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून सुचवलं होतं की बंदुकांवर बंदी घालू नका, मॅगझीनची मर्यादा १५ गोळ्यांवर आणा. बंदूकप्रेमींनी त्याबद्दल त्याला फार काळ माफ केलं नाही. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये हल्लेखोराने पिस्तुलाला ३३ गोळ्यांचं मॅगझीन लावून सहा जणांना ठार केलं. ते रिकामं झालं, तो दुसरं चढवायला लागला, आणि त्या क्षणी एका स्त्रीने ते मॅगझीन हिसकावलं, इतरांनी त्याला जमिनीवर लोळवलं. मॅगझीन दहाचं असतं तर ही संधी चौतिसाव्या नाही, अकराव्या गोळीलाच आली असती.

न्यायालयातला झगडा वेगळ्याच पायावर उभा आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा उल्लेख आहे, आणि त्याच वाक्यात सुनियंत्रित नागरी सेनेचाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की हा हक्क व्यक्तीचा आहे. मात्र तो अमर्याद नाही, असंही त्याच निकालात म्हटलं. त्याच न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रूएन निकालाने बंदुकीवरचं बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळतं का, ही कसोटी पुढे केली. एका वेळी एक गोळी ठासून भरायच्या काळात तीस गोळ्यांच्या मॅगझीनला जुळणारी परंपरा शोधायची तरी कुठे, यावर खालची न्यायालयं तेव्हापासून झुंजत आहेत. लास वेगासच्या हल्लेखोराने रायफलींना 'बंप स्टॉक' नावाचं उपकरण लावलं होतं. बंदुकीचा धक्का वापरून ते चाप बोटावर भराभर आपटवतं. सरकारने त्याला मशीनगन ठरवून बंदी घातली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती उठवली. कारण तेच: प्रत्येक गोळीला चाप वेगळा हलतो. एक चाप, एक गोळी या व्याख्येवर सगळा निकाल उभा राहिला. जून २०२५ मध्ये मेरिलँड राज्याच्या रायफलबंदीला दिलेलं आव्हान न्यायालयाने ऐकायला नकार दिला, त्यामुळे ती बंदी टिकली. त्याच वेळी न्यायमूर्ती कॅव्हेनॉ यांनी हा प्रश्न न्यायालयाने लवकरच हाती घ्यावा असंही नोंदवून ठेवलं.

इतर देशांनी काय केलं? ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये टास्मानियाच्या पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेले. उजव्या विचारांचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी बाराव्या दिवशी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. सेमी-ऑटोमॅटिक रायफली जवळपास हद्दपार झाल्या, आरोग्य-करात तात्पुरती वाढ करून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेतल्या गेल्या. 'स्वसंरक्षण' हे कारण परवान्यासाठी चालणार नाही असं ठरलं. सेल नावाच्या गावी संतापलेल्या बंदूकमालकांपुढे हॉवर्ड कोटाखाली बुलेटप्रूफ जाकीट घालून उभे राहिले. नंतर त्यांना त्याचा पस्तावा झाला. आपलाच मतदार समोर होता.

न्यूझीलंडची कथा अधिक बोधक. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण मारले गेले, त्यांत भारतीयही होते. तिथल्या साध्या परवान्यावर सात गोळ्यांचं मॅगझीन लावलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल मिळत असे. मोठ्या मॅगझीनसाठी मात्र परवानाच लागत नसे. मारेकऱ्याने दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या आणि जोडल्या. महिन्याच्या आत, १० एप्रिलला, संसदेने ११९ विरुद्ध १ मताने बंदी मंजूर केली. कायद्यात एवढीशी फट होती, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं होती.

स्वित्झर्लंडने तिसरी वाट धरली. घरोघरी बंदूक ठेवायची तिथली रीत जुनी आहे. मे २०१९ च्या सार्वमतात जवळजवळ ६४ टक्के मतदारांनी मोठ्या मॅगझीनच्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी विशेष परवाना सक्तीचा करायला होकार दिला. बंदूक राहिली, तिच्यावर नजर वाढली.

आपल्याकडेही हा प्रश्न एकदा घटनेच्या दारात येऊन गेला आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी देश निःशस्त्र केला, याची बोच स्वातंत्र्यचळवळीत खोल होती. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती आवेशाने मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सराईत गुन्हेगारांसकट प्रत्येक नागरिकाला हा हक्क आजच्या स्थितीत कोणतं सरकार देऊ शकेल, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणूनच भारतात बंदूक ही परवान्याची गोष्ट राहिली. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली निषिद्ध वर्गात मोडतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला बाळगता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र हा वाद परका नाही. न्यू जर्सीच्या शाळांत दर महिन्याला सुरक्षा-सराव घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. वर्गाचं दार लावायचं, दिवे मालवायचे, खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात चूप बसायचं, हे तिथली पोरं पाढ्यांच्या वयात शिकतात. त्या राज्यात अशा रायफलींवर १९९० पासून बंदी आहे. तेच कुटुंब नोकरीसाठी तिथल्या एडिसनहून टेक्सासमधल्या ह्यूस्टनला गेलं, की कायदा पार उलटा होतो. युवाल्डेचा हल्लेखोर १६ मे २०२२ रोजी अठरा वर्षांचा झाला. आठवडाही उलटायच्या आत त्याने दुकानातून रीतसर, कायदेशीरपणे दोन एआर धाटणीच्या रायफली आणि शेकडो गोळ्या खरेदी केल्या. २४ तारखेला १९ मुलं आणि दोन शिक्षिका मेल्या.

दस्ता लाकडाचा की प्लास्टिकचा, मूठ कशी, रंग कोणता, यावर कायदा करण्यात अर्थ नाही, हे मिनी-१४ ने सिद्ध केलं आहे. मॅगझीन दहा गोळ्यांचं, वय किमान एकवीस, खरेदीआधी परवाना आणि काही दिवसांची वाट, या गोष्टी रानडुकरांनी त्रासलेल्या शेतकऱ्याचंही फार नुकसान करणार नाहीत. पार्कलँडनंतर फ्लोरिडाने, म्हणजे बंदूकप्रेमी राज्यानेच, रायफल खरेदीचं वय एकवीसवर नेलं. ते जमण्यासारखं आहे.

कॅनडाने १ मे २०२० रोजी सुमारे दीड हजार प्रकारच्या बंदुकांवर बंदी जाहीर केली. त्याच्या दोनच आठवडे आधी नोव्हा स्कोशा प्रांतात २२ जणांची हत्या झाली होती. या वेळी यादीत मिनी-१४ होती. माँट्रियलच्या त्या वर्गात गोळ्या लागूनही वाचलेली विद्यार्थिनी नाथाली प्रोव्होस्ट हिने त्यासाठी अनेक वर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला होता. एप्रिल २०२५ मध्ये ती कॅनडाच्या संसदेवर निवडून आली.